फुंकायचं नाही

सुदाम एसटीत ड्रायव्हर होता तोवर एकट्यानं जेवणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं. डहाणू डेपोची गाडी घेऊन तो तलासरीमार्गे आपल्याच उधव्याला यायचा, कधी झरीकडं जायचा. मुक्कामाच्या गावी गाडी लावली की तो, कंडक्टर आणि गावातला एखादा रिकामटेकडा असे तिघं डबे उघडून बसायचे. सुदामच्या डब्यात तांदळाची भाकरी, भाजलेले सुके बोंबील आणि मिरची. बोंबील तो असे कडाकडा चावायचा की कंडक्टर म्हणायचे, अरे गिअर पडला वाटतं गाडीचा. या चेष्टेवर तो वर्षानुवर्षं हसला. दरवेळी नव्यानं हसला, हे विशेष.

दोन हजार चौदाला तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याची बायको नवशी तापानं गेली. मुलगा प्रविण वापीला कंपनीत, बायकोमुलांसह तिकडेच. सणाला यायचा, सणाला नाही आला तर फोन यायचा. उधव्याजवळच्या पाड्यावर, कुडाच्या भिंतींच्या त्या घरात सुदाम आणि एक चूल एवढंच उरलं. समोर अंगण, अंगणापलीकडं बारकीचं घर. बारकी म्हणजे त्याच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. तो तिला वैनी म्हणायचा, ती त्याला नुसतं सुदाम.

तोवर त्याच्या वरच्या दाढा एकेक करून गेल्या होत्या. दुखली की काढ, हा आपल्याकडं सगळ्यात सोपा उपाय. डावीकडच्या तर सगळ्याच गेल्या. मग नाक्यावरच्या एकाकडून त्यानं तारेनं अडकवायची कवळी करून घेतली. ती हसताना बरी दिसायची आणि खाताना हलायची.

बारकीच्या मुलीचं, वर्षाचं लग्न होतं. मांडवात पंगत बसली होती आणि बारकी स्वतः पळी घेऊन मटण वाढत फिरत होती. सुदामनं एक तुकडा दाढेखाली धरला, जोर लावला, आणि तुकड्याबरोबर कवळीही बाहेर आली. पडली ती थेट पत्रावळीवरच्या वरणात. शेजारच्या पोरानं बोंब ठोकली, "काकाचं दात पडलं!" आणि सगळ्यांत आधी हसली ती बारकी. हातात पळी, तोंडाला पदर, आणि हसणं काही आवरेना. मग काय, सगळी पंगतच हसली. सुदामनं वरणातून कवळी उचलली, तशीच खिशात घातली आणि भरल्या पत्रावळीवरून उठून चालता झाला.

खरं सांगायचं तर गाव ही गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरलं. लग्नात काय कमी गमती होतात? पण ज्याच्या तोंडातून पडतं त्याला विसरता येत नाही. त्या दिवसापासून सुदाम चारचौघांत जेवला नाही. कुणाकडं बारसं असो, नवं भात खायचं असो, बोलावणं आलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "मी जेवून आलोय." घरी येऊन तो पेज प्यायचा. भाकरी केलीच तर कालवणात भिजवून, आणि घरात चिटपाखरू नसतानाही भिंतीकडं तोंड करून. लोकांना वाटलं, ड्रायव्हरला पेन्शनीचा माज आला. हळूहळू बोलावणीही बंद झाली. बारकीच्या अंगणात तर त्यानं पाऊलच टाकलं नाही. समोरासमोर आले तर तो आभाळाकडं बघत जायचा, जणू पावसाचा अंदाज घेतोय.

प्रविणला कुणीतरी वापीत सांगितलं की हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात, ते मरेपर्यंत हलत नाहीत. त्याच्याकडं यायला वेळ नव्हता, पण पैसे द्यायला त्यानं हयगय केली नाही. "बाबा, तुम्ही करून घ्या, मी बघतो," तो फोनवर म्हणाला. सुदामच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट आली. पंगतीत बसायचं, मटणाचा तुकडा चावायचा आणि शेवटच्या भातापर्यंत बसून राहायचं. बाकी दात कसे दिसतात याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

डहाणूत स्टेशनजवळ दक्षाबेन डॉक्टरचा दवाखाना होता. बाई डहाणूचीच, घरात गुजराती, शिकलेली मुंबईला. वयानं प्रविणपेक्षा लहान, पण बोलणं हेडमास्तरणीचं. तिनं आधी जबड्याचा मोठा फोटो काढून आणायला लावला आणि मग तो कॉम्प्युटरवर उघडून सुदामला शेजारी बसवलं.

"काका, हे बघा ने. गालाच्या हाडात, नाकाच्या बाजूला ही काळी जागा दिसते? ही खोली आहे. आत नुसती हवा. सगळ्यांना असते."

"माझ्यात पण?"

"तुमच्यात जरा जास्तच. वरच्या दाढा ह्या खोलीच्या जमिनीखाली असतात, खांबासारख्या. दाढ गेली की तिथल्या हाडाला काम राहत नाही. काम नाही म्हणून हाड झिजतं. आणि खालचं हाड झिजलं की वरून ही खोली पसरत पसरत खाली येते. तुमची किती खाली आली बघा. मधे पापडाएवढं पातळ हाड उरलंय. त्यात स्क्रू लावला तर तो सरळ हवेत जाईल."

सुदाम त्या काळ्या जागेकडं बघत राहिला. डॉक्टरीण पुढचं सांगत होती, पण तो मागेच अडकला होता. काम उरलं नाही की हाड झिजतं आणि पोकळी पसरते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. नवशी गेल्यावर त्याचं घर असंच झालं होतं. आधी तिचा कोपरा रिकामा झाला, मग प्रविणची खाट पडायची ती जागा, मग ओटा. आता तो चुलीशेजारी एका गोधडीवर झोपायचा आणि बाकीच्या घरात केर काढायलासुद्धा जायचा नाही.

"काका, ऐकता ने?"

"ऐकतो, ऐकतो."

"तर आपण काय करणार, बाजूनं एक छोटी खिडकी पाडणार. खोलीला आतून अस्तर असतं, अंड्याच्या कवचाला आतून पापुद्रा असतो ने, तेवढं पातळ. ते हळूच वर उचलायचं आणि खाली हाडाचा चुरा भरायचा. सात-आठ महिन्यांत त्याचं हाड होतं. मग स्क्रू. मग दात."

"हाड कुणाचं?"

"तयार येतं, शुद्ध करून, बाटलीत."

सुदामनं पुढं विचारलं नाही. बाटलीतलं असेल तर असेल. दक्षाबेननं फोटोतली एक पांढरी रेघ दाखवली. "आणखी एक. तुमच्या खोलीत मधेच ही अर्धी भिंत आहे. सगळ्यांना नसते. अस्तर तिथं चिकटून बसतं आणि फाटलं तर तिथंच फाटतं. म्हणून मी सांभाळून करणार, आणि नंतर तुम्ही सांभाळायचं."

"म्हणजे कुड आहे आतमध्ये," सुदाम म्हणाला. या शब्दानं त्याला जरा बरं वाटलं. निदान घर त्याच्या ओळखीचं निघालं.

मग तिनं पथ्यं सांगितली. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नळीनं काही ओढून प्यायचं नाही. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, उशी उंच घ्यायची. थोडक्यात, आतल्या हवेचा जोर त्या अस्तरावर येता कामा नये. सुदामनं सगळ्याला मान डोलावली.

"घरी कोण आहे बघायला?"

हा प्रश्न त्याला लागला. दवाखान्यात दोन-चार लोक बसले होते, तेही ऐकत होते. साठीचा माणूस, पेन्शन खाणारा, आणि घरी कोणी नाही हे सांगायचं? "सून आहे," तो म्हणाला. "सगळी आहेत."

दोन हजार सतराच्या शेवटी, भातं झोडून झाली तेव्हा हे ऑपरेशन झालं. अस्तर फाटलं नाही. दक्षाबेन स्वतःवरच खूश होती. सुदामनं पथ्यं एखाद्या व्रतासारखी पाळली. पाड्यावर भाताचा भुसा उडत होता, शिंका तर येणारच. तो अंगणाच्या मधोमध उभा राहून, आ वासून अशी शिंक द्यायचा की दोन कुत्री भुंकायला लागायची. नाक गळलं तर गळू द्यायचा, पण शिंकरायचा नाही. आणि इतकं सगळं सांभाळून तो रोज सकाळी चुलीपुढं बसायचा, नवशीची लोखंडी फुंकणी तोंडाला लावायचा आणि गाल फुगवून फुंकायचा.

त्याच्या मनात काही आलंच नाही. डॉक्टरीण नाकाचं बोलली होती. फुंकणी तर तोंडात. आणि चूल फुंकणं हे काही काम आहे, असं आपल्याकडं कुणी मोजतं का? दक्षाबेनच्या घरात गॅस होता, तिच्या आईच्या घरातही गॅसच होता. नळ्या म्हणजे तिला शहाळ्यातली नळी माहीत. फुंकणी दोघांच्याही डोक्यात आली नाही.

प्रविणनं गॅसचं मागंच काढलं होतं, पण सुदाम "एकट्याला कशाला" म्हणून टाळत आला होता. खरं कारण वेगळं होतं. चूल पेटवायला वेळ लागतो. लाकडं फोडा, काटक्या रचा, फुंका, धूर झाला की बाहेर या, पुन्हा आत जा. सकाळचा तेवढा वेळ तरी माणसासारखा जायचा. त्यानंतरचा सगळा दिवस त्याच्या अंगावर यायचा.

एका सकाळी लाकडं दवानं ओली झाली होती. चूल नुसती धुमसत होती. सुदाम चिडला आणि त्यानं छाती भरून फुंकलं. गालाच्या आत काहीतरी सुटलं. तोंडातली हवा नाकातून बाहेर आली, जिभेवर खारट चव आली, आणि नाक पुसलं तर फडक्यावर रक्तात मिसळलेले पांढरे दाणे होते. बाटलीतलं हाड. तो ते दाणे हातावर घेऊन बराच वेळ बसला. संध्याकाळपर्यंत डोळ्याखाली गाल सुजून घट्ट झाला.

दक्षाबेननं दुसऱ्या दिवशी तोंड उघडून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"नाक शिंकरलंत?"

"नाय."

"शिंक दाबली? ओझं उचललं?"

"नाय, देवाशपथ नाय."

"मग हे फाटलं कधी?"

"काल सकाळी. चूल पेटवत होतो."

"कशी?"

सुदामनं मूठ तोंडाशी धरली आणि फुंकून दाखवायला गाल फुगवले. "नको!" ती ओरडली. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "काका, घरी सून आहे ने? ती काय करते?"

"वापीला असते."

"मग घरी कोण असतं?"

सुदामला खोटं सुचेना. "मी असतो," तो म्हणाला.

ती त्याला खूप बोलली. खोटं कशाला बोललात, मला माहीत असतं तर मी काही सुचवलं नसतं का, आता ह्या सगळ्या मेहनतीचं काय. बोलता बोलता तिनं आतला सगळा चुरा काढला, जखम धुतली आणि औषधं दिली. मग हात धुऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा करता येईल. काही महिने थांबू. पण एकदा फाटलेलं अस्तर आणखी कच्चं असतं. तिसरी वेळ नाही. घरी चूल पेटवणारं दुसरं माणूस असेल तरच मी हात लावीन."

"आहे," सुदाम घाईनं म्हणाला. "शेजारीण आहे. वैनी."

एका खोट्यावर दुसरं खोटं. कारण वैनीला त्यानं विचारलंच नव्हतं, आणि विचारायची त्याची छातीही नव्हती. तो रोज ठरवायचा आणि रोज आभाळाकडं बघत जायचा. उन्हाळा आला. दुसरं ऑपरेशन झालं, तरी विचारणं राहिलंच. प्रविणनं एजन्सीत गॅसचे कागद दिले होते, पण सिलेंडरचा पत्ता नव्हता.

ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी सुदाम चुलीपुढं बसला. गाल सुजलेला, पोटात काल दुपारपासून काही नाही. फुंकणी समोर पडली होती. नुसत्या काडीनं काटक्या पेटायच्या आणि विझायच्या. सुपानं वारा घालून बघितला, तर राख उडाली आणि शिंक येऊ घातली. त्यानं आ वासला, शिंक दिली, आणि मग फुटक्या मडक्याचं एक खापर शोधून तो अंगण ओलांडून बारकीच्या दारात उभा राहिला. लहानपणी त्याची आई असंच खापर घेऊन विस्तव मागायला जायची. तेव्हा काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती.

"वैनी, विस्तव दे."

बारकी चुलीपुढून वळली. इतक्या दिवसांनी हा दारात, तोही तोंड सुजवून. "काडेपेटी नाय तुझ्या घरात?"

"आहे."

"मग?"

"फुंकायचं नाय सांगलंय डॉक्टरीणबाईनं."

मग त्यानं सगळं सांगितलं. गालातली खोली, खोलीतला कुड, अंड्याचा पापुद्रा, बाटलीतलं हाड, सगळं. बारकीनं ऐकून घेतलं आणि हसायला लागली. तेच हसणं. तोच तोंडाला पदर. सुदामनं खापर खाली केलं आणि वळला.

"अरे थांब! कुठं चालला? तुझ्या ह्या चालीनं घरी जाशील तोवर राख होईल त्याची."

तिनं चिमट्यानं निखारे खापरावर घेतले आणि स्वतःच निघाली. त्याच्या घरात शिरली, काटक्या उपसून पुन्हा रचल्या, निखारे खाली सरकवले आणि फुंकणीसाठी हात बरोबर चुलीच्या उजव्या अंगाला नेला. नवशी ती तिथंच ठेवायची. सुदामला फुंकणी कुठंही टाकायची सवय, ती त्याच्या पायाशी पडली होती. बारकीनं ती उचलली आणि फुंकायला लागली. लांब, सावकाश, मधे थांबून. घरात बाईमाणसाच्या फुंकण्याचा तो आवाज चार वर्षांनी आला होता. सुदाम बाहेर ओट्यावर येऊन बसला आणि त्याला रडू फुटलं. नाक शिंकरता येत नव्हतं, त्यामुळं त्याची फारच पंचाईत झाली.

तेव्हापासून रोज सकाळी बारकी खापरावर विस्तव घेऊन यायची. आधी चूल पेटवून लगेच जायची. मग चहा होईपर्यंत थांबायला लागली. तिच्या घरची एक रीत होती, अवसेला विस्तव उंबऱ्याबाहेर काढायचा नाही. म्हणून अवसेला सुदामच तिच्याकडं चहाला जायचा. बोलणं फार नसायचं. वर्षाचा फोन आला का, प्रविण येणार का, वाल पेरायचे का. वर्षा सासरी गेल्यापासून बारकीही एकटीच आहे, हे सुदामला इतक्या उशिरा कळलं, याची त्याला लाज वाटली. अंगणाच्या पलीकडं तर राहत होती.

पावसाळ्यात सिलेंडर आला. प्रविणनं फोनवर विचारलं, लावला का? सुदाम म्हणाला, मला त्याचा वास सोसत नाही. सिलेंडरचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं. त्याच सुमारास तपासणीला गेला तर दक्षाबेन फोटो बघून म्हणाली, "सरस! हाड छान धरतंय. आता फुंका, शिंका, काय पण करा." सुदाम घरी आला. बारकीनं अंगणातूनच विचारलं, "काय बोल्ली? फुंकायला दिलं का?"

"अजून नाय," सुदाम म्हणाला. हे तिसरं खोटं, आणि यावेळी त्याला अजिबात लाज वाटली नाही.

दिवाळीनंतर स्क्रू बसले आणि त्याच दिवसांत जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडं तेव्हा रोज कुठं ना कुठं धक्के बसत होते. भांडी वाजायची, कुडाचं सारवण गळून पडायचं. आपली माणसं घरं सोडून अंगणात, शेतात ताडपत्र्या टाकून राहायला लागली. बाकीचे घराकडं बघून जीव मुठीत धरायचे आणि सुदाम गाल धरून बसायचा, कारण तिथं हाड स्क्रूला पकडत होतं. बारकीनं यावरून त्याला मनसोक्त चिडवलं. दोघांच्या घरांमधल्या अंगणात तिनं तीन दगडांची एक चूल मांडली. दोन कशाला, म्हणाली. तिथंच दोघांचं होऊ लागलं. सुदाम आपलं ताट घेऊन पाठ करून बसायचा. बारकी त्याची भाकरी न विचारता कालवणात भिजवून द्यायची.

एकदा अशीच त्याची पाठ तिच्याकडं असताना ती म्हणाली, "वर्षाच्या लग्नात मी हसले ते तुला लागलं."

"नाय गं."

"लागलं. मी काय, कशालाही हसते. माझा म्हातारा गेला तेव्हा पण त्याची टोपी कावळ्यानं नेली त्याला हसले." मग म्हणाली, "पण तू उठून गेलास. माझ्या दारातनं माणूस अर्ध्या जेवणावरून उठलं. तुझी पत्रावळ मी उचलली, भात तसाच होता. तो अजून माझ्या डोळ्यापुढं आहे."

सुदामनं घास तसाच तोंडात धरून ठेवला. इतकी वर्षं आपल्यालाच लागलं असं तो समजत होता.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात पक्के दात बसवायचा दिवस आला. धक्के कमी झाले होते, लोक घरांत परत गेले होते, तीन दगडांची चूल मोडली होती. बारकीही घरात गेली, पण सकाळचा विस्तव चालूच होता. ती म्हणाली, मी पण येते, बघू तरी तुझी डॉक्टरीण. सुदामनं नाना कारणं सांगितली. ऊन आहे, गाडीला गर्दी असते, दवाखान्यात वास येतो. बारकी नवं लुगडं नेसून गाडीत त्याच्याआधी चढून बसली.

दक्षाबेननं दात बसवले, निळा कागद मधे धरून चावा चावा म्हणून चावायला लावलं, आणि आरसा दिला. सुदामनं जिभेनं चाचपलं. जिथं इतकी वर्षं पोकळ होतं तिथं काहीतरी होतं. तो काही बोलणार, तेवढ्यात बारकीनं दारातूनच विचारलं, "बाई, आता तरी ह्याला चूल फुंकायला देणार का?"

"आता तरी म्हणजे?" दक्षाबेन हसली. "मागच्या पावसाळ्यापासून सांगितलंय मी काकांना. काय पण फुंका म्हटलं."

बारकीनं सुदामकडं बघितलं. पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं तिच्या तोंडावर दिसलं. ती हसली नाही. कशालाही हसणारी बाई यावेळी हसली नाही.

बाजारात तिनं काही घेतलं नाही. सुदामनं सुक्या बोंबलांची जुडी घेतली, नव्या दातांनी पहिला घास त्याचाच घ्यायचा हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं. आता ती जुडी पिशवीत घेऊन तो उधव्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. बारकी पुढच्या सीटवर बसली होती. पाड्यावर उतरल्यावर ती सरळ आपल्या घरात गेली.

दुसऱ्या सकाळी सुदाम लवकर उठून चुलीपुढं बसला. काटक्या रचल्या. वाट बघितली. कोंबडी सोडायची वेळ झाली, उन्हं ओट्यावर आली, पण अंगणातून कुणी आलं नाही. साहजिकच होतं. फुंकू शकणाऱ्या धडधाकट माणसाला कुणी का म्हणून विस्तव आणून द्यावा? वर्षापूर्वीचं ते सगळं घर पुन्हा त्याच्याभोवती पसरलं. दात होते, पण त्यांनी काय खायचं आणि कुणासमोर? त्यानं काडी ओढली, फुंकणी घेतली आणि फुंकलं. चूल लगेच पेटली. इतक्या सहज पेटली की त्याला तिचा राग आला.

चहाचं आधण ठेवायला तो पाणी आणायला बाहेर आला, तेव्हा त्याचं लक्ष गेलं. बारकीच्या छपरातून धूर नव्हता. या वेळेला तिच्याकडं धूर नाही असं कधी झालं नव्हतं.  आत जाऊन त्यानं खापर घेतलं, त्यावर निखारे ओढले, जाता जाता बोंबलांची जुडी काखेत मारली आणि अंगण ओलांडलं.

बारकी थंड चुलीपुढं बसली होती. जिवंत, धडधाकट, केस विंचरलेली. चुलीत काटक्या रचून ठेवल्या होत्या, नुसत्याच. राख काल रात्रीची.

सुदाम उंबऱ्यात थांबला.  मग त्यानं विचारलं, "काडेपेटी नाय तुझ्या घरात?"

"आहे की," बारकी म्हणाली.

ती थोडी सरकली आणि चुलीपुढं एका माणसाची जागा झाली. सुदाम बसला. निखारे काटक्यांखाली सारले, आणि तिनं पुढं केलेल्या फुंकणीनं गाल फुगवून फुंकलं. जाळ धरला. बारकीनं भाकऱ्या टाकल्या, निखाऱ्यावर बोंबील भाजले आणि दोन ताटं वाढली. सुदामनं ताट घेतलं आणि सवयीनं भिंतीकडं वळायला लागला, मग तसाच थांबला आणि तिच्याकडं तोंड करून बसला. बोंबील डाव्या दाढेखाली धरून चावला.

"गिअर पडला काय तुझा?" बारकी म्हणाली. त्याच्या डब्याची ती चेष्टा नवशीनं कधीतरी तिला सांगितली असणार.

सुदाम हसला, तोंडात घास असताना हसला. बारकीही हसली. तिनं आणखी एक भाकरी वाढली, मग भात वाढला, भातावर कालवण घातलं आणि त्याचं संपेपर्यंत ती त्याच्या ताटाकडं बघत बसली. सुदामनं ताट बोटानं पुसून घेतलं आणि मगच उठला.